अमेरिकेत म्युझिकल थिएटरच्या पदवीसाठी ऑडिशनची तयारी (मुलगी अकरावीत, पुणे)

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. मुलगी अकरावीत आहे, राज्य मंडळ, कला शाखा. गाण्याच्या गांधर्वच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत झाल्यात, कथक चालू आहे, बालनाट्यात कामं केली आहेत. बारावीनंतर अमेरिकेत म्युझिकल थिएटरच्या (गाणं, नाच आणि अभिनय एकत्र) बीएफएला, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स पदवीला, अर्ज करायचं तिच्या मनात पक्कं आहे. आम्हाला घरात नाट्यसंगीत कळतं. पण तिकडे नेमकं काय मागतात, किती मिनिटांचं, कोणत्या पट्टीत, रेकॉर्ड कशावर करायचं, यातलं काही माहीत नाही. तिचा सा (गाण्याचा आधारस्वर) पेटीच्या काळी चारवर. कुठले क्लास ठेवायचे, कुठले सोडायचे, आणि बारावीच्या परीक्षेशी हे सगळं कसं जुळवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रंगपीठ

ताई, आधी क्रम समजून घ्या, बहुतेकांची गडबड तिथेच होते. एकाच कॉलेजला दोन अर्ज करावे लागतात. एक अभ्यासाचा: मार्क, शिफारसपत्रं, निबंध, इंग्रजीची परीक्षा. दुसरा कलेचा. दोन्हींच्या तारखा वेगळ्या आणि अनेकदा फीसुद्धा वेगळी. एक मंजूर होऊन दुसरा नामंजूर होऊ शकतो.

कलेच्या अर्जातली पहिली चाळणी म्हणजे प्रीस्क्रीन. घरून व्हिडिओ पाठवायचे, ते पसंत पडले तरच पुढच्या ऑडिशनचं बोलावणं. बऱ्याच कॉलेजांनी मिळून एक सामायिक नमुना ठरवलेला आहे. त्यात गाणं, स्वगत आणि नाच यांचे अ, ब, क असे पर्याय असतात आणि कोणतं कॉलेज कोणता पर्याय घेतं ते त्याच्या पानावर लिहिलेलं असतं. ढोबळ मानाने दोन गाणी साठ ते नव्वद सेकंदांची, त्यातलं एक साधारण १९७० च्या आधीच्या म्युझिकलमधलं आणि दुसरं अलीकडचं. एक संथ, एक चपळ. एक किंवा दोन स्वगतं, तेवढीच लांब. नाचाचा छोटा तुकडा. आणि काही ठिकाणी ‘वाइल्ड कार्ड’, म्हणजे तुम्हाला हवं ते दाखवा.

व्हिडिओ पाठवायची मुदत बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पुढच्या ऑडिशन्स नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारी-फेब्रुवारीत न्यू यॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या बाजूला ‘युनिफाइड्स’ होतात, तिथे एकाच ठिकाणी अनेक कॉलेजं एकत्र बसतात. निकाल मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, आणि तुमचा होकार १ मेपर्यंत.

आजच एक तक्ता करा. प्रत्येक कॉलेजच्या ओळीत: गाण्याचा पर्याय, सेकंदांची मर्यादा, कॅमेऱ्याची चौकट (गुडघ्यापासून वर की पूर्ण), स्वगताची अट, नाचाची अट, मुदत, फी, ऑनलाइन ऑडिशन चालते की नाही. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये तोच तक्ता पुन्हा तपासायचा. नव्वद सेकंदांची मर्यादा असताना सत्त्याण्णव सेकंदांचा व्हिडिओ पाठवणं म्हणजे सूचना वाचल्या नाहीत असं स्वतःहून सांगणं.

पेटी_ते_पियानो

गाण्याच्या तुकड्याला ‘कट’ म्हणतात. ‘१६ बार’, ‘३२ बार’ हे शब्द सतत येतील. चार मात्रांचा एक बार धरला तर १६ बार म्हणजे ६४ मात्रा, तीनतालाची चार आवर्तनं. ३२ बार म्हणजे आठ आवर्तनं. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर ३२ बार ६४ सेकंदांत संपतात. पण ७२ च्या लयीतल्या संथ गाण्याचे ३२ बार १०७ सेकंद घेतात, म्हणजे नव्वदची मर्यादा ओलांडली. त्या लयीत नव्वद सेकंदांत २७ बारच बसतात. तेव्हा कट ठरवताना बार मोजा, लय मोजा आणि मगच गाणं पक्कं करा. गाणं तीन महिने घोटून झाल्यावर शेवटच्या चार ओळी उडवायची वेळ आली की मुलांचा श्वास आणि भाव दोन्ही विस्कटतात.

कट कुठून घ्यायचा? मुखड्यापासूनच सुरुवात करायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. पात्राला काहीतरी कळतं, ते काहीतरी ठरवतं, अशी जागा गाण्यात शोधायची. तिच्या आठ-दहा ओळी आधी सुरू करायचं आणि तो निर्णय झाला की थांबायचं. पॅनेल (परीक्षक) बघतं की गाण्याच्या सुरुवातीला जी मुलगी उभी होती, तीच शेवटी थोडी बदलली का.

आता पट्टी. आपल्याकडे गायकाचा सा ठरलेला आणि गाणं त्यावर बसवायचं. तिकडे गाणं कागदावर ठरलेल्या पट्टीत असतं. काळी चारचा सा म्हणजे जी शार्प. तिच्या तार सप्तकातला तीव्र मध्यम म्हणजे मधल्या सी च्या वरच्या सप्तकातला डी. हल्लीच्या म्युझिकलमधली मुलींची जोरकस गाणी साधारण त्याच्या आसपास चढतात, कधी त्याहून वर. म्हणून गाणं निवडताना आधी कागदावर सर्वांत वरचा स्वर शोधा आणि तो तिच्या सरगममध्ये कुठे येतो ते लिहा. पट्टी बदलायची असेल तर बदललेल्या पट्टीतलाच स्वरलेख विकत घ्या. नोटेशन विकणाऱ्या साइटवर बहुतेक गाण्यांची पट्टी बदलून मिळते. ऑडिशनच्या खोलीत वादकाला ‘दोन स्वर खाली वाजवा’ सांगायचं नाही.

साथीचा ट्रॅक: यूट्यूबवरचे कराओके टाळा. लांबलचक सुरुवात असते, मागे कोरस असतो आणि कट मधूनच सुरू करता येत नाही. पुण्यात पेटीवाले भरपूर, पण नोटेशन वाचून पियानो वाजवणारे मोजके. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांच्या वरच्या ग्रेडना शिकवणारे पियानो शिक्षक गाठा. दोन्ही कट त्यांच्याकडून नेमक्या लयीत, सुरुवातीला दोन बार किंवा नुसता एक स्वर देऊन रेकॉर्ड करून घ्या. त्याच बैठकीत दोन प्रती करा: एक ठरलेल्या लयीत, एक किंचित जलद. कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर संथ गाणं हमखास ओढल्यासारखं वाटतं.

मृण्मयी_कोथरूड

मनापासून आभार, लगेच तक्ता सुरू केला. तिने एक मोठं, शेवटी खूप वर चढणारं गाणं निवडलंय. घरी म्हणते तेव्हा दहातल्या सात वेळा वरचा स्वर नीट लागतो. ठेवावं का?

पेटी_ते_पियानो

नाही. सकाळी उठल्यावर, थोडी सर्दी असताना, तिसऱ्यांदा म्हणतानाही जो स्वर दहापैकी दहा वेळा लागतो, तोच ऑडिशनला न्यायचा. पॅनेलला तो चुकलेला स्वरच लक्षात राहतो आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

गळा_आणि_श्वास

माझं मत थोडं वेगळं आहे. ते गाणं सोडू नका, गाण्यांच्या वहीत शिकण्यासाठी ठेवा. वर्षभरात आवाज उघडेल. ऑडिशनच्या यादीत मात्र आत्ता नको, यावर सहमत.

आता आवाजाबद्दल. आपल्याकडे शास्त्रीय शिकलेल्या मुली छातीच्या आवाजातच तार मध्यम-पंचमापर्यंत जातात. पातळ, डोक्यात घुमणारा आवाज जवळजवळ वापरतच नाहीत. जुन्या म्युझिकलमधल्या गाण्यांना नेमका तो लागतो, तोही भरदार. रोज पंधरा मिनिटं फक्त त्यासाठी द्या: ‘ऊ’ वर वरून खाली घसरत यायचं, तार पंचमापासून मध्य सापर्यंत, मधे आवाज तुटेल तिथे जोर न लावता पुन्हा. तुटणारी जागा हळूहळू बुजते. जोरकस गाणी त्यानंतर.

दिवसाची सुरुवात स्ट्रॉने. ग्लासात पाणी, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढत आवाज खालून वर, वरून खाली. पाच मिनिटं. मग ओठांची फुरफुर. यात स्वरपट्ट्यांवर ताण न येता त्या जुळतात. पाणी जास्त खोल ठेवलं की उलट ढकलून गावं लागतं.

आवाज थकलाय का, हे ओळखायची सोपी चाचणी: सकाळी तार सप्तकात, अगदी हळू आवाजात, सुटे सुटे पाच स्वर. काल जिथे स्वच्छ लागत होते तिथे आज हवा येत असेल किंवा आवाज उशिरा उमटत असेल, तर स्वरपट्ट्यांवर सूज असू शकते. त्या दिवशी शब्द पाठ करा, कट ऐका, गाऊ नका. कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे, तीही टाळा. मिठाच्या गुळण्यांनी घशाला बरं वाटतं, पण त्या स्वरपट्ट्यांपर्यंत पोचत नाहीत, ज्येष्ठमध आणि खडीसाखरेचंही तेच. वाफ पोचते. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांवर टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या.

आणि एक पुण्यातली खास गोष्ट. ती ढोलपथकात जात असेल तर बारावीच्या वर्षी सुट्टी घ्यावी. जुलैपासून रोज संध्याकाळी त्या आवाजावर ओरडून बोलणं, धूळ आणि कानांवरचा मार. नेमकं त्याच्यापुढेच तुमचं चित्रीकरण आहे.

नाट्यपद_प्रेमी

शास्त्रीय क्लास बंद करावा का, हा मूळ प्रश्न राहिला. मी म्हणेन मुळीच नाही. सूर पक्का असणं, ताल अंगात असणं, दम पुरवणं, हे तिकडच्या अनेक मुलांना कष्टाने कमवावं लागतं. ते हिच्याकडे आयतं आहे.

गळा_आणि_श्वास

क्लास ठेवा, पण दोन गोष्टी गुरूंना स्पष्ट सांगून ठेवा. एक, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस भरपूर वेगवान ताना नकोत. दुसरी, इंग्रजी गाण्यात मींड आणि खटके आपोआप येतात, ते काढायला वेगळा वेळ लागतो. व्यंजनावरून स्वर घसरत जातो आणि शब्द अर्धवट ऐकू येतो. त्यावर उपाय: आधी कट नुसता बोलायचा, मग एकाच स्वरावर लयीत म्हणायचा, मग चालीत. तिन्ही वेळा शब्दाची सुरुवात एकाच जागी पडली पाहिजे.

पाश्चात्त्य शिक्षक आठवड्यातून एकदा पुरे. पण म्युझिकलच शिकवणारा हवा. ऑपेरा शिकवणारे उत्तम असतात, तरी जोरकस बोलल्यासारखं गाणं शिकवायचं तर त्यांना अनेकदा ते नको असतं. ट्रिनिटीच्या म्युझिकल थिएटरच्या परीक्षा आहेत, त्यांचा अभ्यासक्रम बघा. गाणं, अभिनय आणि हालचाल एकत्र करायची शिस्त त्यातून लागते.

उच्चार_वर्ग

मराठी तोंडाला इंग्रजी गाण्यात चार ठिकाणी अडचण येते. पहिली, शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. आपण ते हवेशिवाय म्हणतो, आणि तिकडच्या कानाला ‘प’ चा ‘ब’ ऐकू येतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, ती हलली पाहिजे. दुसरी, व्ही आणि डब्ल्यू. आपला ‘व’ दोन्हीकडे एकच. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. तिसरी, टी-डी ला जीभ मागे वळवायची सवय. जीभ वरच्या हिरडीवर, दातांच्या किंचित मागे. चौथी, ए आणि ओ. आपले सरळ, त्यांचे घसरते. लांब स्वरावर पहिला अर्धा उच्चार धरून ठेवायचा आणि दुसरा अगदी शेवटी मिटायचा.

पण अमेरिकन हेल चढवू नका. उसना हेल तिसऱ्या ओळीत सुटतो आणि मग स्वगतातलं पात्रही खोटं वाटायला लागतं. स्वच्छ भारतीय इंग्रजी पूर्ण चालतं. पात्राला एखादा प्रादेशिक हेल गरजेचा असेल तर ते स्वगतच घेऊ नका.

रंगपीठ

स्वगताचं. प्रकाशित नाटकातलं हवं, सिनेमा किंवा मालिकेतलं नको, स्वतः लिहिलेलं नको. पात्राचं वय सोळा ते बावीसच्या आसपास. नाटक पूर्ण वाचलेलं असलं पाहिजे, कारण ‘याच्या आधीच्या प्रवेशात काय झालं?’ हा प्रश्न हमखास येतो. निवडीची कसोटी: पात्र समोरच्या एका माणसाकडून आत्ता, या क्षणी काहीतरी मागतंय का? नुसती आठवण सांगणारं स्वगत कितीही रडवणारं असलं तरी पॅनेलसमोर पडतं, कारण त्यात करायला काही नसतं.

आपल्या नाट्यस्पर्धांमध्ये तयार झालेल्या मुलांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ते कौशल्य आहे, पण कॅमेरा चार फुटांवर असतो. समोरचा माणूस कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जरा बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर उभा आहे असं समजायचं. तिथे भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. गाण्यातही तेच. नजर सतत भिंगात नको.

एक सराव: तेच स्वगत कुजबुजत, मग भांडत, मग समजूत काढत, मग काहीतरी लपवत म्हणायला लावा. ऑडिशनमध्ये असंच सांगतात, ‘आता हेच तिला हसवायचंय असं करून बघ.’ सूचना ऐकून ती दुसऱ्याच क्षणी अमलात आणता येते का, हे त्यांना बघायचं असतं, कारण पुढची चार वर्षं ते तिला शिकवणार आहेत. एकाच पद्धतीने पक्की बसवलेली मुलं इथे अडतात. म्हणून आईवडिलांनी घरी हावभाव बसवून देऊ नयेत, ही कळकळीची विनंती. हात इथे, मान तिथे असं ठरवलेलं पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येतं.

तत्कार

नाच. कथकमुळे लय, चक्कर आणि पटकन बोल पाठ करायची सवय मिळते. चक्करमध्ये नजर एका जागी धरायची पद्धत बॅलेच्या पिरुएटला (एका पायावरची गिरकी) थेट उपयोगी पडते. फरक वजनाचा आहे. कथकमध्ये तळवा पूर्ण जमिनीवर आपटतो, वजन खाली. बॅले आणि जॅझमध्ये वजन वर खेचलेलं, टाच उचललेली, मांडी खुब्यातून बाहेर वळलेली. कथकची मुलगी पहिल्या दिवशी बॅलेच्या प्लिएत (गुडघे वाकवून बसकण) गुडघे आत पाडते. ती सवय सहा-आठ महिन्यांत जाते, पण आजपासून हवी.

आठवड्याला बॅलेचा एक, जॅझचा एक, टॅप (बुटांच्या आवाजाने ताल धरायचा नाच) मिळाला तर उत्तम. तत्कार (कथकचं पदलालित्य) येणाऱ्याला टॅपच्या लयी लवकर कळतात, फक्त घोटा सैल सोडायला शिकावं लागतं. ऑडिशनला नाच आयत्या वेळी शिकवतात: वीस-तीस मिनिटांत आठ-आठ मात्रांचे पाच-सहा तुकडे, मग तीन-चार जणांच्या गटात करून दाखवायचे. तेव्हा घरी दर आठवड्याला एक अनोळखी तुकडा व्हिडिओवरून अर्ध्या तासात उचलायचा, आरशाशिवाय करायचा आणि चित्रित करायचा. पाय चुकला तरी चेहरा आणि लय चालू ठेवायची. पॅनेलसमोर चुकून थांबणं महागात पडतं.

कपडे अंगाबरोबरचे, एकरंगी, गुडघे दिसतील असे. घुंगरू नाहीत. बॅलेचे चपटे बूट, जॅझ शूज आणि दीड-दोन इंच टाचेचे कॅरेक्टर शूज. टाचेचे बूट लवकर घ्या, नवीन टाचेवर चक्कर घेताना घोटा मुरगळतो.

कॅमेरा_सदाशिव

चित्रीकरण घरात होतं, महागडा स्टुडिओ लागत नाही. पण खालच्या गोष्टी चुकल्या तर चांगलं गाणंही वाईट ऐकू येतं.

फोन आडवा, तिपायीवर, छातीच्या उंचीला. मागे एकरंगी भिंत, देव्हारा, कपाट, पंखा चौकटीत नको. प्रकाश समोरून दोन बाजूंनी, डोक्यावरची ट्यूब बंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. फोन तीस फ्रेमवर १/६० शटर घेतो तेव्हा ट्यूब आणि स्वस्त एलईडीच्या प्रकाशात पट्टे लहरताना दिसतात. मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. १०८० पिक्सेल पुरेत.

आवाज. फोनचा माइक जोरकस स्वरावर आपोआप आवाज दाबतो आणि हळू ओळीवर वाढवतो, त्यामुळे गाण्यातला चढउतार नाहीसा होतो. वेगळा रेकॉर्डर किंवा साधा यूएसबी माइक घ्या, सहा-सात फुटांवर, गायिकेच्या तोंडापेक्षा जरा वर. सर्वांत मोठा स्वर म्हणून बघा, काटा लाल पट्ट्यात जात असेल तर पातळी उतरवा. ट्रॅकचा स्पीकर कॅमेऱ्याच्या मागे, आवाज गाण्यापेक्षा स्पष्ट कमी. खोली घुमत असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, जमिनीवर सतरंजी. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) किंवा ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) अजिबात नको. प्रत्येक तुकडा एका दमात, मधे कापाकाप नाही. आवाज आणि चित्र जुळवायला सुरुवातीला एक टाळी.

ओळख म्हणजे ‘स्लेट’: नाव, काय म्हणणार ते, कोणत्या म्युझिकलमधलं किंवा नाटकातलं. काही कॉलेजांना ती वेगळ्या फाइलमध्ये हवी असते, काहींना नकोच असते. तक्त्यात बघा.

आणि दिवस कोणता धरायचा? गणपतीत शक्य नाही, नवरात्रात लाउडस्पीकर, दिवाळीत फटाके, नंतर लग्नं. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना हा पितृपक्षाचा पंधरवडा पुण्यात सर्वांत शांत असतो. ना मंडप, ना वराती. त्याच पंधरवड्यात दोन सकाळी राखून ठेवा, साधारण दहा ते एक. त्याआधी आवाज जड असतो आणि दुपारनंतर शाळेच्या बस सुरू होतात. एका दिवशी दोन गाणी आणि स्वगत, दुसऱ्या दिवशी नाच आणि राहिलेलं. एका गाण्याचे पाच-सहा टेक झाले की थांबा. त्यापुढचे टेक आधीच्यांपेक्षा वाईटच असतात.

मृण्मयी_कोथरूड

पितृपक्षाचं डोक्यातच आलं नव्हतं, कॅलेंडरवर खूण केली. दोन शंका. जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष ऑडिशन आणि बारावीच्या प्रॅक्टिकल-लेखी एकत्र येतात, मग? आणि वाइल्ड कार्डला नाट्यपद चालेल का?

रंगपीठ

बारावीची लेखी फेब्रुवारीत सुरू होते, प्रॅक्टिकल आणि तोंडी त्याआधी. त्यामुळे युनिफाइड्सला जाणं तिच्यासाठी जवळपास अशक्य, आणि त्यासाठी व्हिसाची मुलाखतही फार आधी मिळवावी लागते. परदेशी मुलांना ऑनलाइन ऑडिशन देणारी कॉलेजंच यादीत वर ठेवा. तारीख निवडायची सोय असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरची घ्या. एखाद्या कॉलेजला प्रत्यक्षच हवं असेल तर परीक्षेची तारीख कळवून लवकरची वेळ मागा, पत्र सभ्य आणि दोन ओळींचं.

ऑनलाइनसाठी वेळेचं गणित: हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, शिकागो साडेअकरा, लॉस एंजेलिस साडेतेरा. न्यू यॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, आणि तिकडचे दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबारा. सकाळचीच वेळ मागा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, त्या आठवड्यातली वेळ दोनदा तपासा.

कॅमेरा_सदाशिव

झूमच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू आणि इको कॅन्सलेशन बंद. नाहीतर लांब स्वर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो कापून टाकतो. ट्रॅक त्याच खोलीत दुसऱ्या फोनवरून स्पीकरला. दुसऱ्या गावाहून कोणी पियानो वाजवून साथ देणं इंटरनेटवर जमत नाही, आवाज उशिरा पोचतो. वाय-फायऐवजी केबल लावा, लाइट गेली तर राउटर चालेल एवढा इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस.

पेटी_ते_पियानो

प्रत्यक्ष ऑडिशनचा योग आला तर पियानोवादकासाठी नोटेशनच्या वहीची तयारी. पानं दोन्ही बाजूंना छापून पुस्तकासारखी, चमक नसलेल्या प्लास्टिकमध्ये. डाव्या हाताचा सूर झेरॉक्समध्ये कापला गेलाय का ते प्रत्येक पानावर बघा, वादकाला त्याचाच त्रास सर्वांत जास्त होतो. सुरुवातीला आणि शेवटाला ठळक कंस, मधल्या गाळलेल्या ओळी पांढऱ्या कागदाने पूर्ण झाकलेल्या. मागचं पान उलटून बघावं लागेल अशी खूण ठेवू नका.

वादकाजवळ गेल्यावर अर्ध्या मिनिटाचं काम: नमस्कार, गाण्याचं नाव, ‘इथून सुरू, इथे संपतं, इथे थोडं थांबते’ असं बोटाने दाखवायचं, मग पहिल्या दोन ओळी अगदी हळू गाऊन लय द्यायची. चुटक्या वाजवून किंवा टाळी देऊन लय द्यायची नाही, तिकडे ते उद्धट वाटतं. शेवटी आभार. मग खोलीच्या मध्यावर जाऊन एक श्वास, वादकाकडे नजर, आणि सुरुवात.

नाट्यपद_प्रेमी

वाइल्ड कार्डला नाट्यपद आनंदाने घ्या, पण दोन अटींवर. पहिली, एक-दीड मिनिटात पदाचा अर्थ पोचला पाहिजे, ताना-आलापांचा विस्तार नको. दुसरी, आधी एका वाक्यात सांगा की पात्र कोण आहे आणि कोणाशी बोलतंय. मुलाखतीत विचारलं तर तिला पार्श्वभूमी ठाऊक असावी: आधुनिक मराठी संगीत नाटकाची सुरुवात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’च्या प्रयोगाने मानली जाते. गाणं आणि संवाद मिळून नाटक पुढे नेणारी परंपरा तिच्या गावातच आहे, हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगावं. पाठ केलेलं भाषण नको.

रेझ्युमेत ‘मध्यमा पूर्ण’ एवढंच लिहून तिकडे कोणाला काही कळणार नाही. ‘हिंदुस्थानी शास्त्रीय गायन, अमुक वर्षं, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंतच्या सातपैकी पाच परीक्षा उत्तीर्ण’ असं लिहा. एकच पान, आठ बाय दहा इंच, फोटोच्या मापाचं. फोटो साधा, नैसर्गिक प्रकाशातला, दागिने आणि जड मेकअपशिवाय.

तत्कार

पुण्यातला पर्यायही बरोबरीने ठेवा. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य, संगीत आणि नृत्य हे तिन्ही पदवी अभ्यासक्रम आहेत आणि तिथल्या प्रवेश चाचणीसाठी हीच तयारी बरीचशी कामी येते. कुठल्याही पुणे कॉलेजात गेली तरी फिरोदिया करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. नाटक, गाणं, नाच, वाद्यं, चित्र सगळं एका प्रयोगात बसवायचं असतं, आणि पदवीचं एक वर्ष इथे करून पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर रेझ्युमेत ते वजनदार दिसतं.

गळा_आणि_श्वास

ताई, एक शेवटचं. अकरावीच्या मार्च-एप्रिलच्या सुट्टीत सहा गाणी निवडा, तीन जुनी, तीन नवी. जूनपर्यंत त्यातली चार ठेवा, ऑगस्टमध्ये एक पूर्ण तालीम चित्रित करून शिक्षकांना दाखवा. जी दोन गाणी तिला स्वतःहून पुन्हा म्हणावीशी वाटतात ती पक्की, बाकीची दोन कॉलबॅकसाठी (पुन्हा बोलावलं तर) वहीत. ‘आणखी काही आहे का?’ असं विचारलं तर ती तयार असली पाहिजेत.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे आभार. तक्त्यात कॉलेजं भरतेय, ऑनलाइन ऑडिशनचा रकाना पहिला घेतलाय. नोटेशन वाचणारे पियानो शिक्षक कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला कोणी शिकवत असतील तर निरोप टाकून सुचवा, पुढच्या आठवड्यात काळी चारच्या हिशेबाने वरचे स्वर मोजायला बसतोय.